जॉन फिचची न आलेली पाळी

११ जून १९५५, संध्याकाळचे सहा वाजून सव्वीस मिनिटे. फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत सुरू होऊन अडीच तासही झाले नव्हते. मर्सिडीजची वीस नंबरची गाडी पिएर लेवेग चालवत होता. त्याच्यानंतर तीच गाडी घेऊन निघायचे होते जॉन फिच या अमेरिकन ड्रायव्हरला. तो शर्यतीचा पोशाख चढवून पिटमध्ये, म्हणजे इंधन, चाके आणि ड्रायव्हर बदलायला गाड्या थांबतात त्या जागी, तयार उभा होता आणि लेवेगची पत्नी त्याच्या शेजारी होती. पुढच्या काही सेकंदांत जे घडले ते दोघांच्या डोळ्यांदेखत घडले. फिचची पाळी आलीच नाही.

मोटार शर्यतींच्या इतिहासात याहून भीषण अपघात झालेला नाही. त्याबद्दल जे लिहिले जाते ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती घोटाळते: चूक कोणाची? जग्वार चालवणाऱ्या माइक हॉथॉर्नची, ऑस्टिन-हीली चालवणाऱ्या लान्स मॅकलिनची की लेवेगची? मला त्या रात्री घेतल्या गेलेल्या आणि न घेतल्या गेलेल्या निर्णयांबद्दल लिहायचे आहे. आणि त्या रात्री पिटमध्ये उभ्या असलेल्या माणसाने पुढे प्रश्नच कसा बदलून टाकला, त्याबद्दलही.

पार्श्वभूमी: माणूस

जॉन कूपर फिचचा जन्म ४ ऑगस्ट १९१७ रोजी इंडियानापोलिसमध्ये झाला. वाफेच्या बोटीचा आरंभीचा संशोधक जॉन फिच याचा तो वंशज. सावत्र वडील स्टट्झ या मोटार कंपनीत अधिकारी होते, त्यामुळे गाड्यांचे वेड घरातूनच आले. १९३९ मध्ये तो युरोपात भटकायला गेला आणि इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या प्रसिद्ध ट्रॅकवरची शेवटची शर्यत त्याला पाहायला मिळाली. त्यानंतर महायुद्ध सुरू झाले आणि तो ट्रॅक शर्यतींसाठी पुन्हा कधी उघडलाच नाही.

युद्धात फिच लढाऊ विमानाचा वैमानिक होता. मस्टँग विमानातून त्याने जर्मनांचे मेसरश्मिट २६२ हे जेट विमान पाडले, आणि ही कामगिरी फार थोड्यांच्या नावावर आहे. युद्ध संपायला दोनेक महिने उरले असताना एका आगगाडीवर हल्ला करताना त्याचेच विमान पडले आणि तो जर्मनांचा युद्धकैदी झाला. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण दहा वर्षांनी हाच माणूस एका जर्मन कंपनीच्या पिटमध्ये उभा राहून तिच्या अब्रूची काळजी करणार होता.

युद्धानंतर त्याने एमजी गाड्यांची विक्री सुरू केली आणि त्याच गाडीतून शर्यतींत उतरला. १९५१ मध्ये तो अमेरिकेचा स्पोर्ट्स कार विजेता झाला. मग ब्रिग्ज कनिंगहॅम या धनिक शौकिनाच्या संघात गेला. अमेरिकन गाडी, अमेरिकन ड्रायव्हर घेऊन युरोपीय संघांना हरवायचे, ही कनिंगहॅमची जिद्द होती. मार्च १९५३ मध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंगची बारा तासांची शर्यत फिच आणि फिल वॉल्टर्स यांनी कनिंगहॅमच्याच गाडीतून जिंकली. स्पोर्ट्स कारच्या नव्या जागतिक स्पर्धेची ती पहिलीच फेरी होती. त्याच वर्षी ल माँला हीच जोडी तिसरी आली.

मर्सिडीजशी त्याचा संबंध १९५२ च्या मेक्सिकोतल्या ‘कारेरा पानामेरिकाना’मध्ये आला. तिथे तो मर्सिडीज चालवत होता. नियमभंगामुळे बाद ठरला, पण संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांच्या नजरेत भरला. १९५५ मध्ये त्याला संघात जागा मिळाली. मे महिन्यातल्या मिले मिलियामध्ये, म्हणजे इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून धावणाऱ्या हजार मैलांच्या शर्यतीत, तो ३०० एसएल ही दुकानात मिळते तशी गाडी घेऊन एकूण पाचवा आला आणि आपल्या गटात पहिला.

याच शर्यतीतली एक गोष्ट मला फार आवडते. डेनिस जेन्किन्सन या पत्रकाराला शेजारी बसवून, रस्त्याचे प्रत्येक वळण आधीच टिपून ठेवायचे आणि त्याने ते वाचून दाखवायचे, अशी जुळवाजुळव फिच करत होता. मर्सिडीजच्याच स्टर्लिंग मॉसला जिंकायची शक्यता जास्त असलेली गाडी मिळाली, तेव्हा फिचने जेन्किन्सनला खुशाल तिकडे जाऊ दिले. मॉस आणि जेन्किन्सन यांनी ती शर्यत १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली, आणि तो विक्रम कोणी मोडला नाही. फिच कसा माणूस होता हे यावरून कळते. आपल्या हातातली चांगली गोष्ट दुसऱ्याच्या हातात जास्त उपयोगी पडेल असे दिसले, तर तो ती देऊन टाकत असे.

पार्श्वभूमी: जागा

ल माँचा ट्रॅक सुमारे साडेतेरा किलोमीटरचा आणि बहुतांश सार्वजनिक रस्त्यांचा. १९२३ मध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा गाड्या ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावत. १९५५ मध्ये सगळ्यात वेगवान गाड्या सरळ रस्त्यावर ताशी २७० च्या वर जात होत्या. पिटसमोरचा रस्ता मात्र जवळजवळ तसाच राहिला होता.

हा रस्ता अरुंद होता आणि तिथे त्याला उजवीकडे किंचित बाक होता. पिट आणि रस्ता यांच्या मधे भिंत नव्हती. पिटमध्ये यायचे तर वेग कमी करायला वेगळी मार्गिका नव्हती. धावत्या गाड्यांच्या ओळीतच ब्रेक मारायचा आणि कडेला थांबायचे. समोरच्या बाजूला मुख्य स्टँड, आणि स्टँडच्या पुढे, रस्त्याला अगदी लागून, उभ्या प्रेक्षकांची गर्दी. त्यांच्या आणि गाड्यांच्या मधे होता तो कमरेच्या थोडा वर येणारा मातीचा बांध. मागच्यांना दिसावे म्हणून कोणी शिड्या आणल्या होत्या, कोणी खुर्च्यांवर उभे होते. शर्यतीला अडीच-तीन लाख लोक जमले होते.

त्याच रस्त्यावर लहान इंजिनांच्या संथ गाड्या आणि मोठ्या इंजिनांच्या अतिवेगवान गाड्या एकाच वेळी धावत होत्या. हॉथॉर्नच्या जग्वारला डिस्क ब्रेक होते. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते, आणि त्यांची उणीव भरून काढायला गाडीच्या पाठीवर हवेत उभी राहणारी मोठी फळी होती. थोडक्यात, कोणती गाडी किती अंतरात थांबेल हे दर गाडीला वेगळे होते. कोणत्याही कारखान्यात अशी मांडणी पाहिली तर सुरक्षा अधिकारी काम बंद पाडेल.

काय घडले

हॉथॉर्नने मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि पिटमध्ये जाण्यासाठी लगेच उजवीकडे घेत ब्रेक मारला. मॅकलिनने धडक टाळायला ब्रेक मारला आणि त्याची गाडी डावीकडे सरकली. मागून, डाव्या बाजूने लेवेग भरधाव येत होता. त्याची मर्सिडीज हीलीच्या उतरत्या मागच्या बाजूवर चढली. तो उतार उड्डाणफळीसारखा ठरला आणि गाडी हवेत उडाली. बांधावर आपटून तिचे तुकडे झाले. इंजिन, पुढचा आस आणि बोनेट गर्दीतून आरपार गेले. लेवेग बाहेर फेकला जाऊन तिथेच गेला. मागे उरलेल्या सांगाड्यात मॅग्नेशियमचा मिश्रधातू होता. तो पेटला आणि पाणी मारल्यावर आणखी भडकला. लेवेगच्या पाठोपाठ मर्सिडीजचीच दुसरी गाडी घेऊन येणारा फान्जिओ त्या गोंधळातून कसाबसा निसटला.

८३ प्रेक्षक आणि लेवेग असे मृतांचे आकडे सर्वसाधारणपणे दिले जातात. जखमींची संख्या शंभराहून बरीच जास्त होती.

पहिला निर्णय: शर्यत थांबवायची का?

हा निर्णय संयोजकांचा, म्हणजे शर्यतीचे संचालक शार्ल फारू यांचा. त्यांनी शर्यत चालू ठेवली. कारण असे दिले गेले की शर्यत थांबली तर लाखो माणसे एकदम बाहेर पडतील, रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील.

या कारणावर अनेकांनी टीका केली. पण पहिल्या दोन-तीन तासांपुरता मला हा विचार चुकीचा वाटत नाही. ज्याने जत्रा पांगताना पाहिली आहे त्याला तो लगेच पटेल. माझा आक्षेप पुढच्या तासांबद्दल आहे. जखमींना हलवण्यासाठी रस्ते मोकळे ठेवायचे होते, तर जखमी हलवून झाल्यावर ते कारण संपले. मध्यरात्रीनंतर बरेच प्रेक्षक आपापल्या वेळेने निघूनही गेले होते. तरी शर्यत दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत चालली, विजेता घोषित झाला. तातडीच्या वेळी घेतलेला निर्णय तातडी सरल्यावर कोणी पुन्हा उचलून पाहिला नाही. “अमुक वाजता पुन्हा बसू” एवढे एक वाक्य त्या संध्याकाळी बोलले गेले असते तर निदान फेरविचाराची एक वेळ ठरली असती.

दुसरा निर्णय: मर्सिडीजने माघार घ्यायची का?

अपघातानंतर अर्ध्या तासाने फिचच्या मनात आले की ही बातमी रेडिओवर गेली असेल. वीस नंबरच्या गाडीच्या ड्रायव्हरांत आपलेही नाव आहे, घरचे घाबरले असतील. म्हणून तो पत्रकारांच्या कक्षात फोन शोधायला गेला. तिथे एक वार्ताहर फोनवर बातमी देत होता: मृतांची संख्या ४८. पिटमधून अपघाताची भीषणता दिसली होती, पण आकडा फिचला तिथे कळला.

परत येऊन त्याने मर्सिडीजच्या लोकांना सांगितले की आपण शर्यत सोडली पाहिजे.

त्या वेळी समोर पर्याय कोणते होते ते नीट मांडून पाहू. चालू ठेवायचे आणि जिंकायचे, हा पहिला. फान्जिओ आणि मॉसची गाडी तेव्हा जिंकण्याच्या पूर्ण तयारीत होती. दुसरा, ताबडतोब गाड्या आत बोलवायच्या. तिसरा, थोडे थांबून, गर्दी विरळ झाल्यावर शांतपणे निघायचे. चौथा, जग्वारलाही सोबत घ्यायचे, म्हणजे कोणा एकाने पळ काढला असे दिसणार नाही आणि कोणा एकावर दोष येणार नाही.

फिचचा युक्तिवाद प्रतिष्ठेचा होता. युद्ध संपून दहा वर्षे झाली होती. फ्रान्सच्या भूमीवर, फ्रेंच माणसांची प्रेते मोजणे चालू असताना, जर्मन गाडीने पहिल्या क्रमांकाचा झेंडा घेतला तर ते कोणीही विसरणार नाही. अपघातात मर्सिडीजचा दोष किती हा मुद्दा तिथे गौण ठरेल.

यावर मी बराच विचार केला आहे. फिच माणुसकीबद्दल न बोलता कंपनीच्या नावाबद्दल का बोलला? माझ्या मते तो समोर कोण आहे हे ओळखून बोलला. नॉयबाउअर यांनाही माघारच योग्य वाटत होती, पण तो अधिकार त्यांच्याकडे नव्हता; तो होता श्टुटगार्टमधल्या संचालकांकडे. फोनच्या दुसऱ्या टोकाला, शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसांना ती दुर्गंधी, तो धूर पोचवता येत नाही. कंपनीच्या नावाचे काय होईल हे मात्र पोचवता येते. जो युद्धात त्यांच्या विरुद्ध लढला, त्यांचा कैदी होता, त्याने हे सांगावे याला एक वेगळे वजनही होते.

संचालकांना एकत्र करण्यात, फोन लावण्यात वेळ गेला. मध्यरात्रीच्या सुमारास होकार आला. नॉयबाउअर आणखी थांबले. पावणेदोनला, बरीच गर्दी ओसरल्यावर, ते ट्रॅकच्या कडेला गेले आणि दोन्ही गाड्यांना आत बोलावले. त्या वेळी एक मर्सिडीज पहिली होती, दुसरी तिसरी. मुख्य अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट जग्वारच्या पिटमध्ये गेले आणि तुम्हीही थांबाल का, असे विचारले. जग्वारचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी नकार दिला. हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब यांची जग्वार शर्यत जिंकली. मर्सिडीजचे ट्रक सकाळपर्यंत गावाबाहेर गेलेले होते.

मॉसला ही माघार पटली नव्हती. मेलेली माणसे त्याने परत येणार नाहीत, असे त्याचे मत होते. ते अगदीच टाकाऊ नाही. शर्यत सोडल्याने कोणाचा जीव वाचला नाही हे खरे आहे. पण शर्यत चालू ठेवली असती तर त्या विजयाचे मर्सिडीजने काय केले असते? कोणत्या जाहिरातीत छापला असता तो?

तिसरा निर्णय: फिचने स्वतः काय करायचे?

इथे गोष्ट सरळ रेषेत जात नाही, आणि ती सरळ करून सांगण्याचा मोह मी टाळतो. फिचने शर्यती सोडल्या नाहीत. १७ सप्टेंबर १९५५ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डंड्रॉडला त्याने मॉससोबत मर्सिडीज चालवली आणि ते जिंकले. तो रस्ताही अरुंद, दोन्ही बाजूंना बांध आणि झाडे. त्या शर्यतीत तीन ड्रायव्हर मरण पावले. त्याआधी एका आठवड्यावर मोन्झाला त्याने मॉसच्या मालकीची मासेराटी घेऊन फॉर्म्युला वनची शर्यतही चालवली होती. ऑक्टोबरमध्ये सिसिलीत टार्गा फ्लोरिओला तो डेसमंड टिटरिंग्टनच्या जोडीने चौथा आला. स्पोर्ट्स कारचे जागतिक अजिंक्यपद मर्सिडीजला मिळाले आणि वर्षअखेरीस कंपनीने शर्यतींतून काढता पाय घेतला.

पुढे शेव्हरोलेने त्याला कॉर्व्हेटच्या संघाचा प्रमुख केले. देखण्या पण शर्यतीत न टिकणाऱ्या गाडीला १९५६ च्या सेब्रिंगमध्ये त्याने नवव्या क्रमांकापर्यंत नेले. आणि १९६० मध्ये तो ल माँला परत गेला. बॉब ग्रॉसमनबरोबर कनिंगहॅमची कॉर्व्हेट चालवत होता. शेवटच्या तासांत इंजिन तापून बंद पडायच्या बेतात आले, तेव्हा संघाने दर थांब्याला इंजिनाभोवती बर्फ भरला आणि गाडी आठव्या क्रमांकाने, आपल्या गटात पहिली, शर्यत पूर्ण करून आली.

म्हणजे ज्याने ते सगळे डोळ्यांनी पाहिले तो त्याच रस्त्यावर पुन्हा उतरला. याला विसंगती म्हणणारे आहेत. मला तशी ती वाटत नाही. वेग हे पाप आहे असे फिचला कधी वाटले नाही. आपण आपल्या मर्जीने गाडीत बसतो, तेव्हा धोका आपला. बांधामागे मुलाला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाने तो धोका पत्करलेला नसतो, आणि त्याच्यापुढे काय आहे हे ठरवणारा दुसराच कोणी असतो. फिच पुढची सारी वर्षे त्या ‘दुसऱ्या कोणा’च्या कामात शिरला.

काय केले: ट्रॅक

पहिली संधी कनेटिकट राज्यातल्या लेकव्हिल गावाजवळ मिळाली. जिम व्हेल यांच्या जागेत लाइम रॉक पार्क हा ट्रॅक उभा राहत होता. फिचने त्याच्या आखणीत भाग घेतला. कॉर्नेलच्या वैमानिकी प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांचीही मदत झाली. १९५७ मध्ये ट्रॅक सुरू झाला आणि फिच त्याचा व्यवस्थापक झाला. प्रेक्षक टेकड्यांच्या उतारांवर, रस्त्यापासून दूर बसतात. तो पुढे त्याच परिसरात राहिला, शेवटपर्यंत.

काय केले: पिंपे

मोठे काम शर्यतीच्या ट्रॅकबाहेर झाले. अमेरिकेत तेव्हा महामार्गांचे जाळे विणले जात होते आणि त्याबरोबर एक नवी प्राणघातक जागा तयार होत होती. आपल्याकडे उड्डाणपुलाच्या तोंडाशी एक रस्ता वर चढतो, दुसरा खालून जातो आणि दोहोंच्या मधे काँक्रीटचे टोक असते, ते डोळ्यांसमोर आणा. वर जाऊ की खाली, अशी शेवटच्या क्षणी चलबिचल झालेला माणूस थेट त्या टोकावर जातो. तिथे काय ठेवायचे?

फिचला युद्ध आठवले. शत्रूची विमाने छावणीवर गोळ्या झाडत येत, तेव्हा त्याने आपल्या तंबूभोवती इंधनाचे रिकामे डबे वाळू भरून रचले होते. वाळू गोळी अडवते आणि स्वतः फुटून उलट फेकली जात नाही. १९६० च्या दशकात त्याने दारूच्या टाकाऊ खोक्यांत कमीजास्त वाळू भरली, ती रांगेत मांडली आणि स्वतः गाडी चालवत त्यांवर धडकला. वेग ताशी ७० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. दुसऱ्या कोणाला गाडीत बसवले नाही.

त्यातून आली ती पिवळ्या प्लास्टिक पिंपांची रांग. तिच्यामागचे गणित शाळेत शिकलेल्या संवेगाच्या नियमाचेच आहे, आणि ते करून पाहण्यासारखे आहे. पिंपांत वाळू सारखी नसते. पुढच्या पिंपात सुमारे ९० किलो, मग १८०, ३२०, ६४० आणि शेवटी ९६० किलो. समजा १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने येते आहे. पहिल्या पिंपातली ९० किलो वाळू ढकलून ती ९४ वर येते. दुसऱ्यानंतर ८४, तिसऱ्यानंतर ६९, चौथ्यानंतर ४९, पाचव्यानंतर ३० च्या आसपास. हा एका रांगेचा कागदी हिशेब झाला. प्रत्यक्षात जागा पाहून पिंपांच्या ओळी लावतात, मागे जोड्या ठेवतात आणि गाडी जवळजवळ थांबते.

आता हाच क्रम उलटा करून पाहा. तीच गाडी आधी ९६० किलोच्या पिंपावर गेली, तर एका फटक्यात १०० वरून ६१ वर येते. म्हणजे पिंपे तीच, वाळू तीच, पण माणसाच्या छातीला बसणारा दणका सातपट. हलके आधी, जड नंतर: सगळी अक्कल या क्रमात आहे.

आणखी एक बारकावा आहे, आणि मला तो या साऱ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. हलक्या पिंपात वाळू थोडी, म्हणून ती तळाशी बसली असती. गाडीचा खालचा भाग तिला धडकला असता आणि गाडी तिच्यावर चढून उडाली असती. म्हणून आत आधार देऊन वाळू वर उचललेली असते, गाडीच्या वजनाचा मध्य असतो त्या उंचीला. गाडी चढू नये, खाली घुसू नये, सरळ आत जावी. ज्याने हीलीच्या उतारावर चढलेली मर्सिडीज पाहिली होती, त्याला ‘चढू नये’ हे कोणी शिकवायची गरज नव्हती. थंडीत ओली वाळू गोठून दगड होईल, म्हणून तिच्यात मीठ मिसळतात.

काय निष्पन्न झाले

ल माँच्या अपघाताच्या अधिकृत चौकशीत कोणा ड्रायव्हरला दोषी धरले गेले नाही. दोष ट्रॅकच्या जागेवर गेला. पिटसमोरचा स्टँड पाडून मागे नेला, रस्ता रुंद केला आणि १९५६ ची शर्यत तिथेच झाली. १९५५ च्या उरलेल्या काळात युरोपातल्या अनेक शर्यती रद्द झाल्या. स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींवर बंदी घातली, ती अनेक दशके टिकली. ल माँच्या वेळी, अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत बिल व्हुकोविच हा ड्रायव्हर अपघातात मरण पावून दोन आठवडेही झाले नव्हते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने त्याच वर्षी शर्यतींना मान्यता देण्याचे काम कायमचे सोडले.

मर्सिडीज पुन्हा ल माँला जिंकायला १९८९ उजाडले.

फिच १९६६ पर्यंत शर्यतींत होता. नंतर त्याने ट्रॅकच्या कडेसाठी, धडकेसरशी मागे सरकत जोर शोषून घेणारे कठडेही तयार केले. पिंपांची रांग अमेरिकेच्या महामार्गांवर इतकी रुळली की तिथल्या लोकांना ती ‘फिच बॅरियर’ म्हणूनच माहीत आहे. तिच्यामागचा माणूस कोण हे त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी तो गेला. त्याआधी, २००५ मध्ये, पंचाऐंशी उलटल्यावर, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात पन्नास वर्षांची जुनी मर्सिडीज ३०० एसएल घेऊन वेगाचा विक्रम करायला गेला होता. इंधनाच्या पंपाने साथ दिली नाही.

वेगळे काय करता आले असते

संयोजकांबद्दल वर लिहिले आहे. मर्सिडीजबद्दल माझा आक्षेप माघारीच्या वेळेवर नाही, तिच्या मौनावर आहे. पावणेदोनची वेळ मला समजते. आठ वाजता गाड्या आत घेतल्या असत्या तर गर्दीत भलतीच अफवा उठली असती. पण ध्वनिक्षेपकावर जुजबी सूचना झाली आणि संघ रात्रीत नाहीसा झाला. ज्याला आदर म्हणायचे होते ते पळून जाण्यासारखे दिसले. गाडीच्या इंधनात काही स्फोटक मिसळले होते अशी कुजबुज पसरली, आणि खरे कारण, म्हणजे मॅग्नेशियमचा सांगाडा, समजावून सांगायला तिथे कोणी नव्हते. उलेनहाउटसारखा अभियंता सकाळी पत्रकारांपुढे अर्धा तास बसला असता तर फरक पडला असता. अग्निशमनाच्या लोकांना ‘या धातूवर पाणी मारू नका’ हे शर्यतीआधी सांगता आले असते, हे त्याहून आधीचे.

निर्णयाचा अधिकार जागेवर नव्हता, ही दुसरी गोष्ट. नॉयबाउअर कित्येक दशके संघ चालवत होते, तरी गाड्या थांबवायला त्यांना फोनची वाट पाहावी लागली. तीन गाड्या आणि सहा ड्रायव्हर परदेशी पाठवताना, काही विपरीत झाले तर कोण काय ठरवेल हे आधी लिहून ठेवता आले असते.

आणि फिच? त्याला जे वेगळे करता आले असते ते करायला त्याला दहा-बारा वर्षे लागली, असे म्हणता येईल. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये डंड्रॉडचा रस्ता पाहून त्याने ‘इथे नको’ म्हणायला हवे होते, असे मला वाटते. त्याच्या शब्दाला तेव्हा वजन होते आणि ल माँला तीनच महिने झाले होते. तो गाडीत बसला.

ल माँचा पिटसमोरचा रस्ता १९५६ मध्ये रुंद झाला खरा, पण पिट आणि धावता रस्ता यांच्या मधे कठडा यायला १९७१ साल उजाडले. तोवर दर वर्षी गाड्या तिथेच ब्रेक मारत कडेला येत राहिल्या, आणि मेकॅनिक हातात चाके घेऊन भरधाव गाड्यांच्या बाजूला पाठ करून वाकत राहिले.